मौजे रुंझवे बुद्रुक

बोरी नदीच्या अलीकडे रुंझवे खुर्द.
एकशे ब्याऐंशी उंबरे, दोन पिठाच्या गिरण्या,
एक तलाठी, म्हणजे मी.
पलीकडे रुंझवे बुद्रुक.
म्हणजे नाही.
धाकलं गाव नांदतं आणि थोरलं नाही,
तरी धाकल्याला धाकलंच म्हणतात,
थोरला भाऊ पाळण्यातच गेलेल्या माणसाला
सत्तरीतही लहान्या म्हणतात तसं.

जुन्या यादीत बुद्रुकपुढे
बोरूनं लिहिलेला एकच शब्द.
मी वाचला, बेचिराख.
म्हणून पहिल्या हिवाळ्यात नदी उतरून राख शोधली,
जळकं लाकूड, काळवंडलेली वीट, काहीतरी.
बाभळी होत्या. हराळी. सापाची कात.
एक पाटा, वरवंटा नसलेला.

तालुक्याच्या दप्तरखान्यात निसार मण्यार
चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले,
'ख नव्हे रावसाहेब, ग.
बेचिराग.
संध्याकाळी जिथे दिवा लागत नाही, ते गाव.
जळलं असं कोण म्हणतं?'

मग काय झालं, याची खुर्दमध्ये जितकी ओसरी तितकी उत्तरं.
वेडू भिल म्हणतो, पटकी.
हिलाल आबा म्हणतात, विहिरीला खारं पाणी लागलं,
डाळ शिजेना, म्हणून सोयरीक जमेना,
म्हणून माणसं टिकेनात.
ठगाबाई तेलीण म्हणते, काही झालं नाही.
एकेक घर नदी उतरून आलं,
जत्रेतून परततात तसं,
मागे कोण राहिलं हे न बघता.
शेवटी तिच्या आजेसासूचा घाणा तेवढा उरला.
घ्यायला कोणी नाही तर गाळायचं कुणासाठी,
तिनंही एका बुधवारी बैल सोडला.
हे मला पटलं.
गावातला शेवटचा दिवा तेलिणीच्याच घरात असणार.

गाव वसतं ती पांढरी, पिकते ती काळी,
हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं.
बुद्रुकची पांढरी खारी, चिवट, पाणी न पिणारी.
धाब्याला तिच्यासारखी माती नाही.
आखाजी झाली की खुर्दच्या गाड्या कोरड्या पात्रातून पलीकडे,
टोपल्या, फावडी, बैलांपुढे पळणारी पोरं,
आणि दिवस मावळायच्या आत
थोरल्याच्या भिंती, चुली, ओटे, बाळंतिणींच्या खोल्या
धाकल्याच्या छपरावर.
अशी साठ-सत्तर वर्षं.
टेकाड होतं तिथे आता खळगा आहे.

जेवताना वरून चिमूटभर माती ताटात पडली
तर खुर्दमध्ये कुणी चिडत नसे.
'थोरलाना वाटा,' म्हणत,
बोटानं बाजूला सारत,
आणि पुढचा घास घेत.

आता घरकुलं आली. उतारे मीच दिले.
एकेक धाबं उतरतं, स्लॅब पडते,
आणि ती माती ट्रॅक्टरमधून
रस्त्याच्या कडेला, शाळेमागच्या खड्ड्यात,
जिथे जाईल तिथे.
एका ढिगात मला हिरव्या बांगडीचा तुकडा मिळाला,
अगदी लहान मनगटाचा.
त्याला कुठल्याच नमुन्यात रकाना नाही.
खिशात आहे.

परवा राजधर अहिरेकडे वास्तुशांत होती.
खापरावरचे मांडे, रशी, वांग्याची भाजी.
मी सवयीनं ताटावर हात आडवा धरला.
वर पांढरं प्लास्टर, दोन ट्यूबलाइट, नवा पंखा.
समोरच्या पंगतीत ठगाबाई.
तिनंही वर बघितलं.
बराच वेळ.
मग मांड्याचा एक तुकडा मोडून
ताटाबाहेर, गुळगुळीत फरशीवर ठेवला.

वाढायला आलेली नवी सून वाकली,
पदराच्या टोकानं तो उचलून घेत म्हणाली,
'सांडनं का माय?'